होकार कुणाचा?
एमडीचं व्यसन, औषधाची चाचणी आणि मराठीतलं संमतीपत्र

आमच्या डोंबिवलीत 'एमडी' ही अक्षरं दोन ठिकाणी वाचायला मिळतात. एकदा दवाखान्याच्या पाटीवर, डॉक्टरांच्या नावापुढे. आणि एकदा वर्तमानपत्रात, पोलिसांनी पकडलेल्या मालाच्या वजनापुढे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एमडीची बातमी आता नवी राहिलेली नाही. पहिल्या एमडीकडे या दुसऱ्या एमडीवर काही औषध आहे का, आणि नसेल तर ते शोधण्याच्या चाचणीत एखाद्या व्यसनी माणसानं भाग घ्यावा का, हा या लेखाचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही. वीसएक वर्षं घरी बसून मुद्रितशोधनाची आणि भाषांतराची कामं केली. त्या कामांत पुस्तकांच्या जोडीनं औषधांच्या चाचण्यांची मराठी संमतीपत्रंही यायची. 'आपण या अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होत आहात' अशा वाक्यांतल्या वेलांट्या तपासता तपासता हा माणूस नेमकं कशाला 'हो' म्हणतो आहे, असा प्रश्न पडू लागला. पुढचं वाचन त्या प्रश्नाच्या मागे लागून माझं मीच केलं.

पुडीत काय असतं

पोलिसांच्या बातमीतली एमडी म्हणजे मेफेड्रोन. येमेन, इथिओपिया, केनिया या भागांत 'खाट' नावाच्या झुडपाची पानं चघळण्याची जुनी चाल आहे. त्या पानांत कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य असतं. मेफेड्रोन हे त्याच कुळातलं, पण संपूर्ण कृत्रिम रसायन. १९२९ साली ते प्रयोगशाळेत प्रथम तयार झालं आणि पुढची सत्तरएक वर्षं जवळपास विस्मरणात गेलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी ते पुन्हा उकरून काढलं. ब्रिटननं एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली, फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. तोपर्यंत मुंबई-ठाण्यात 'म्याव म्याव' हे त्याचं टोपणनाव पोरांच्या तोंडी रुळलं होतं.

गर्द किंवा अफू यांच्यामागे कुठंतरी शेत असतं. मेफेड्रोनला शेत लागत नाही. रसायनं, भांडी आणि रसायनशास्त्र येणारा एक माणूस मिळाला की पुरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी पकडले ते त्याचे कारखाने होते. त्याआधी २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कारखान्यातून टनावारी इफेड्रिन जप्त केलं होतं. सर्दी-दम्याच्या औषधांत चालणारं हे द्रव्य मेथॅम्फेटामिनचा कच्चा मालही असतं. म्हणजे औषधाचा धंदा आणि नशेचा धंदा यांच्यामध्ये बरेचदा एकच भिंत असते.

देशात अशी माणसं किती? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ या वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, अफूजन्य पदार्थ घेणारे २.१ टक्के आणि अँफेटामिन गटातली उत्तेजकं घेणारे ०.१८ टक्के होते. शेवटचा आकडा किरकोळ वाटतो. भारताच्या लोकसंख्येशी त्याचा गुणाकार केला की तो लाखांत जातो.

गर्दवर गोळी आहे, एमडीवर का नाही?

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचा विषय गर्दपासून घराघरांत पोचला. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याबद्दल लिहिलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. सुनंदा अवचट यांच्यासह 'मुक्तांगण' उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला मोठा आधार होता. त्या कामाशी सुरुवातीपासून जोडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी 'आयपीएच' ही संस्था सुरू केली. समुपदेशन, गटातल्या गप्पा, कुटुंबाला सोबत घेणं आणि बरा झालेल्यानं दुसऱ्याचा हात धरणं हा या कामाचा गाभा. तो आजही टिकून आहे.

त्याच्या जोडीला काही व्यसनांत औषधाचा टेकू मिळतो. दारूसाठी डायसल्फिरम आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८ साली त्याचा गुण जगापुढे मांडला: हे घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर त्याला इतका त्रास होतो की ग्लास हातात घेण्याआधी तो दहा वेळा विचार करतो. अफूजन्य पदार्थांसाठी मेथाडोन आहे. न्यू यॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी त्यावरचं काम १९६५ साली प्रसिद्ध केलं. आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन जास्त वापरलं जातं. या दोन्हींचं तत्त्व सोपं आहे. गर्द मेंदूतल्या ज्या कुलपात बसते, त्याच कुलपात ही औषधं बसतात, पण सावकाश आणि दीर्घ काळ. त्यामुळे तडफड थांबते, आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

मेफेड्रोन, मेथॅम्फेटामिन, कोकेन ही उत्तेजकं वेगळ्या वाटेनं जातात. ती कुलपात बसत नाहीत, तर मेंदूच्या स्वतःच्या साठ्यातलं डोपामिन एकदम मोकळं सोडतात किंवा सुटलेलं परत आत जाऊ देत नाहीत. मेफेड्रोन डोपामिनच्या जोडीला सेरोटोनिनही उधळतं. डोपामिन म्हणजे नुसतं 'सुखाचं रसायन' नव्हे. 'हे पुन्हा कर' असा शेरा मारणारा तो मेंदूचा कारकून आहे. मेफेड्रोनचा असर दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. मग झोप नाही, भूक नाही, सगळ्यांवर संशय, आणि साठा रिकामा झाल्यावर खोल उदासी.

बदली औषध देऊन हे भागवायचं, तर तेही उत्तेजकच द्यावं लागतं, आणि त्यात हृदयापासून मनापर्यंत सगळीकडे जोखीम आहे. ती वाट बंद करायची, तर आनंद, शिकणं, इच्छा यांचीही वाट तीच. अडचण ही आहे. अमेरिकेच्या औषध नियामकानं आजवर उत्तेजकांच्या व्यसनासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, ती यामुळेच.

तीन चाचण्या, तीन उत्तरं

मान्यता नाही याचा अर्थ प्रयत्न नाहीत असा नाही. तीन चाचण्या सांगते. तिघींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पहिली जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत आठ ठिकाणी, मेथॅम्फेटामिनचं व्यसन असलेल्या ४०३ जणांवर. औषधं दोन, दोन्ही जुनीच. नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी आणि ब्युप्रोपियनच्या गोळ्या रोज. काहींना खरं औषध, बाकीच्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन आणि गोळी. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं आणि ते ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी. शेवटच्या चार तपासण्यांपैकी निदान तीन स्वच्छ आल्या तर 'गुण आला' असं मानायचं. निकाल: औषधवाल्यांत १३.६ टक्के, बिनऔषधवाल्यांत २.५ टक्के.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. एका बाजूनं तो मोठा आहे: पाचपटीहून जास्त फरक. दुसऱ्या बाजूनं, औषध मिळालेल्या शंभरांतल्या शहाऐंशी जणांना ती मर्यादा गाठता आली नाही. हिशेब मांडला तर नऊ जणांना औषध द्यावं, तेव्हा बिनऔषधापेक्षा एक जण जास्त सुधारतो. वैद्यकात हा हिशेब वाईट नाही; उदासीनतेवरच्या कित्येक औषधांचा साधारण असाच असतो. पण 'मेथवर औषध सापडलं' या मथळ्यात तो मावत नाही.

दुसरी चाचणी २०१९ सालची, कोकेनच्या व्यसनावरची. इथं औषधाच्या सोबतीनं मानसोपचार होता. ५५ जणांना पाच आठवडे सजगतेवर आधारलेलं समुपदेशन, आणि त्यात एकदा, दवाखान्यात दाखल करून, निम्म्यांना केटामिनचं आणि निम्म्यांना मिडाझोलामचं सलाइन. केटामिन हे भूल देण्याचं जुनं औषध. कमी मात्रेत ते मनाची नेहमीची चाकोरी काही काळ सैल करतं, आणि त्या सैल काळात समुपदेशन रुजावं, ही कल्पना. शेवटच्या दोन आठवड्यांत कोकेनपासून दूर राहिलेले केटामिनच्या गटात ४८.२ टक्के, दुसऱ्या गटात १०.७ टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण माणसं अवघी पंचावन्न. शिवाय केटामिन मिळालं की नाही, हे घेणाऱ्याला बहुधा कळतंच. मग गुण औषधाचा किती आणि आशेचा किती, हे वेगळं काढणं कठीण. केटामिनचीही नशा होते, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे २०११पासून तेही एनडीपीएसच्या यादीत आहे.

तिसऱ्या चाचणीत औषधच नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत उत्तेजकं घेणारे ४१५ जण होते. लघवीची तपासणी स्वच्छ आली की त्या माणसानं एका भांड्यातून चिठ्ठी उचलायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास', बऱ्याच चिठ्ठ्यांवर किरकोळ वस्तू, थोड्यांवर बरी वस्तू, आणि एकीवर मोठं बक्षीस. आपल्याकडच्या भिशीत चिठ्ठी निघते तशीच. बारा आठवडे उपचारात टिकले ते चिठ्ठीवाल्यांत ४९ टक्के, इतरांत ३५ टक्के. आणि सलग स्वच्छ राहण्याचा काळही त्यांचा जास्त भरला. पुढच्या अनेक अभ्यासांनी हेच दाखवलं. उत्तेजकांच्या व्यसनावर आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो या बक्षीस-पद्धतीचा. 'शुद्धीवर राहायला पैसे कशाला द्यायचे?' हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. पण मेंदूतल्या त्या कारकुनाला लांबच्या फायद्याची भाषा कळत नाही. आज, आत्ता, हातात काय, एवढंच त्याला कळतं. बक्षीस त्याच्या भाषेत बोलतं, इतकंच.

"त्याला ह्यात घालता येईल का?"

वरच्या पहिल्या चाचणीची बातमी छापून घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या. कल्याणला राहतात. मुलगा चोवीस वर्षांचा, एमडीच्या नादी लागून तीन वर्षं झालेली. एकदा घरच्यांनी खोलीत कोंडून पाहिलं. एकदा एका केंद्राची माणसं रात्री गाडी घेऊन आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. चार महिन्यांनी परत आला, सहा आठवड्यांत पुन्हा सुरू. आता त्यांच्या हातात हा कागद होता.

"ताई, तुम्ही ही कागदपत्रं करता ना? मग एवढंच सांगा, त्याला ह्यात घालता येईल का?"

ती चाचणी अमेरिकेतली होती, संपलेली होती, आणि मेफेड्रोनवरची नव्हती. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली. पण 'घालता येईल का' हे शब्द माझ्या मनात राहून गेले. मराठीत मुलाला शाळेत घालतात, क्लासला घालतात. घालणारा वेगळा असतो, जाणारा वेगळा. व्यसनी माणसाच्या बाबतीत आपली सगळी क्रियापदं अशीच आहेत: त्याला नेलं, ठेवलं, कोंडलं, सोडवलं, पकडलं. या सगळ्या वाक्यांत तो कर्म आहे.

बाईंनी दुसरंही विचारलं: ही दोन्ही औषधं इथल्या दुकानात मिळतात, मग आपणच का देऊ नयेत? याचं उत्तर मात्र ठामपणे द्यावं लागतं. ब्युप्रोपियन जास्त मात्रेत फिट आणू शकतं. अफूजन्य काही घेत असलेल्या माणसाला नाल्ट्रेक्सोन दिलं तर त्याला तत्काळ भयंकर तडफड सुरू होते. आणि एमडीच्या पुडीत आणखी काय मिसळलं आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मानसोपचारतज्ज्ञाशिवाय हा प्रयोग घरात करायचा नाही.

यातच चाचणी आणि उपचार यांतला फरक आहे. डॉक्टर उपचार करतात तेव्हा 'या माणसाला काय द्यावं' हा प्रश्न असतो. चाचणीत 'या औषधानं गुण येतो का' हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. माहीत असतं तर चिठ्ठी टाकणं हा अन्याय झाला असता. चाचणीत शिरणाऱ्या माणसाला बिनऔषधाची गोळी मिळू शकते. त्याची मात्रा त्याच्या प्रकृतीनुसार नाही, ठरलेल्या आराखड्यानुसार चालते. फायदा झाला तर तो पुढच्यांना होईल. त्याला होईलच असं नाही. हे सगळं माहीत असूनही कुणी 'हो' म्हणाला तर ती मोठी गोष्ट आहे. हे माहीत नसताना 'हो' म्हणाला तर तो फसला.

हे त्याला कळावं म्हणून संमतीपत्र असतं. आता त्या कागदाची मराठी पाहा. 'सहभागींना यादृच्छिकपणे दोन भुजांपैकी एकीत नियुक्त केले जाईल.' 'अभ्यास औषधाच्या प्रतिकूल घटना.' 'अभ्यास औषध' हा शब्द मी एकदा शेजारच्या आजींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आमच्या नातवाला द्या थोडं. मेला अभ्यासच करत नाही."

या भाषेमागे एक कारण आहे. हे कागद इंग्रजीतून मराठीत येतात, आणि अर्थ बरोबर आला का हे बघायला दुसरा कुणी त्यांचं पुन्हा इंग्रजी करतो. शब्दाला शब्द ठेवलेलं भाषांतर या परीक्षेत सहज पास होतं. 'चिठ्ठी टाकून ठरवू, त्यात आमचा किंवा तुमचा हात नाही' असं लिहिलं तर परतीच्या इंग्रजीत ते वेगळं दिसतं, आणि खुलासे द्यावे लागतात. मग मराठी अशी घडते की तिच्यातून इंग्रजी परत मिळावं. कल्याणच्या माणसाला ती कळली का, हे त्या परीक्षेत तपासलं जात नाही.

भायखळ्यापासून आजपर्यंत

औषध तपासायला माणसं लागतात, आणि बांधलेली माणसं हाताशी असली की मोह होतो. आपल्या भागात हा प्रश्न जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचली गेली, बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्यांत आजार बराच कमी दिसला. हाफकिन यांनी कैद्यांना विचारलं होतं, हे खरं. पण कुलपाआडच्या माणसाचा होकार किती मोकळा असतो, हा प्रश्न तिथंच उभा आहे. शास्त्राच्या दृष्टीनंही त्यात उणीव होती: आपणहून पुढे आलेले आणि मागे राहिलेले मुळात सारखे नसतात. पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी हाफकिन यांनी घरटी निम्म्या माणसांना लस देऊन ही उणीव बरीच भरून काढली. चिठ्ठी टाकण्याच्या आजच्या पद्धतीचं मूळ अशा धडपडीत आहे.

होकाराच्या प्रश्नाला मात्र फार वेळ लागला. इंदूरच्या 'स्वास्थ्य अधिकार मंच'नं बेकायदा चाचण्यांविरुद्ध केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सरकारला धारेवर धरलं, आणि २०१३पासून नियम कडक होत गेले. आज लागू आहेत ते २०१९चे नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम. त्यांतलं सामान्य माणसाच्या कामाचं एवढं: पहिला माणूस घेण्याआधी चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे 'सीटीआरआय'वर झालेली हवी, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. नैतिक समितीची परवानगी हवी. सहभागीला समजेल त्या भाषेत लेखी संमती हवी आणि तिची प्रत त्याला मिळायला हवी. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई वेगळी. आणि कधीही, कारण न देता बाहेर पडण्याची मुभा.

व्यसनाच्या बाबतीत आणखी एक कायदा महत्त्वाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरतो. त्याच कायद्याचं कलम ९९ सांगतं की अशा माणसावर संशोधन करायचं तर त्याची स्वतःची, मोकळी आणि समजून दिलेली संमती हवी, आणि ती त्याला केव्हाही मागे घेता येते. तो संमती देण्याच्या स्थितीतच नसेल, तर केवळ नातेवाइकाच्या सहीवर भागत नाही. राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते.

कल्याणच्या त्या मुलाचा विचार करताना मला हे कलम पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. तीन वर्षांत त्याच्या बाबतीत जे जे झालं, त्यात त्याला कुणी विचारलेलं नाही. आईनं कोंडलं ते मायेनं, केंद्रानं उचललं ते पैसे घेऊन. पण विचारलं कुणीच नाही. चाचणी ही अशी जागा आहे जिथं कायद्यानं त्याच्यासमोर बसून त्याला विचारावंच लागतं, आणि 'नाही' म्हणाला तर तिथंच थांबावं लागतं. म्हणजे आईला त्याला चाचणीत 'घालता' येत नाही. तो जाऊ शकतो. हा व्याकरणाचा फरक आहे, आणि उपचाराचाही. बाहेरून लादलेल्या मुक्कामाला माणूस दिवस मोजत बसतो. स्वतः निवडलेल्या गोष्टीत तो निदान हजर असतो.

व्यसनी माणसाचा होकार खरा मानायचा का, असं कुणी विचारेल. नशेत किंवा नशा उतरतानाच्या तडफडीत घेतलेली सही खरी नाहीच. म्हणून शुद्धीवर असताना, घाई न करता, एकाहून जास्त वेळा बोलून संमती घ्यायची असते. कागद वाचून झाल्यावर 'आता तुमच्या शब्दांत सांगा, काय होणार आहे' असं विचारलं की समजलं की नाही ते लगेच कळतं. व्यसनानं माणसाची इच्छा पांगळी होते, हे खरं आहे. ती नाहीशी होते, हे मात्र खरं नाही. अमेरिकेतल्या त्या ४०३ जणांना सोडायचं होतं किंवा कमी करायचं होतं, म्हणून तर ते आठवड्यातून दोनदा येत राहिले.

सही करण्याआधी

आपल्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर विचारायचे प्रश्न मी थोडक्यात मांडते.

सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? तो नसेल, किंवा चाचणीत भाग घ्यायला पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरावं. एका इंजेक्शनात व्यसन घालवण्याची हमी देणारा माणूस चाचणी करत नाही, धंदा करतो.

औषधाऐवजी बिनऔषधाची गोळी मिळण्याची शक्यता किती? त्या काळात समुपदेशन चालू राहणार का? चाचणी संपल्यावर, औषध लागू पडलेलं असेल तर, पुढे मिळणार का आणि कुणाच्या खर्चानं?

तपासणीत एमडी सापडलं तर ती माहिती कुणाकडे जाणार? हा भाबडा प्रश्न नाही. ज्या पदार्थाचं सेवन हाच गुन्हा आहे, त्याबद्दल खरं बोलायला माणूस घाबरतो. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. एनडीपीएसचं कलम ६४अ सांगतं की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. मेफेड्रोनसाठी अल्प प्रमाणाची मर्यादा दोन ग्रॅम आहे.

चाचणी जवळपास नसेल, आणि बहुतेक वेळा नसतेच, तर थांबून राहू नये. समुपदेशन आजही आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ठाण्याचं १९०१ साली सुरू झालेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही 'टेलिमानस'ची सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे. पहिला फोन आईनं केला तरी चालतो. दुसऱ्या वेळी फोन मुलाच्या हातात द्यावा.

वाचकांसाठी एक शेवटची गोष्ट. नैतिक समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे त्या संस्थेबाहेरचे, आणि त्यांत वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती असावीच लागते. त्या खुर्चीत बसणाऱ्याचं मुख्य काम असतं संमतीपत्र वाचणं. दिवाळी अंक वाचणारा, वाक्य कुठं अडलं हे ओळखणारा माणूस त्या खुर्चीला शोभतो. तिथं बसून 'यादृच्छिकपणे म्हणजे काय, हे मला कळलं नाही. त्या पोराला कसं कळेल?' एवढं विचारणारं कुणी असेल, तर कागदावरचं वाक्य बदलेल. 'दोन गट आहेत. एकात औषध आहे, दुसऱ्यात नाही. तुम्ही कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकून ठरेल. औषधानं गुण येतो का, हे आम्हांलाच अजून माहीत नाही. नको वाटलं तर नाही म्हणा, तुमचे इथले नेहमीचे उपचार थांबणार नाहीत.' ही पाच वाक्यं लिहायला पदवी लागत नाही.